एम-पेसा

एम-पेसा ही केनियातील मोबाईल फोनद्वारे पैसे पाठवण्याची व देयके चुकती करण्याची सेवा आहे. सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने ती मार्च २००७ मध्ये सुरू केली. 'पेसा' या स्वाहिली शब्दाचा अर्थ पैसा असा होतो.

ग्राहक अधिकृत प्रतिनिधीकडे रोख रक्कम भरतो व ती त्याच्या खात्यात जमा होते. पुढे गुप्त क्रमांक वापरून ती इतरांना पाठवता येते. त्यासाठी बँक खाते, स्मार्टफोन किंवा इंटरनेट आवश्यक नसते. त्यामुळे शहरांत काम करणाऱ्यांना गावाकडील कुटुंबास पैसे पाठवणे सुलभ व सुरक्षित झाले.

तवनीत सूरी व विल्यम जॅक यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार, या सेवेमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून बाहेर पडली. मात्र लहान रकमांच्या व्यवहारांवर शुल्काचा भार तुलनेने अधिक पडतो.