कारखान्याची वेळ आणि अर्भकाचे पोट : वागळे इस्टेटच्या संदर्भात स्तनपानाकडून डब्याच्या दुधाकडे झालेल्या संक्रमणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

औद्योगिकीकरणाच्या इतिहासात भांडवल, यंत्र, कामगार संघटना आणि संप यांची विपुल चर्चा झालेली आहे. कामगार स्त्रीच्या मातृत्वाची चर्चा त्या मानाने अल्प आहे, आणि तिच्या अर्भकाच्या पोटाची तर जवळजवळ नाहीच. वास्तविक, आईच्या दुधावरून डब्याच्या दुधावर येताना बाळाच्या पचनात होणारा बदल हा केवळ वैद्यकाचा विषय नाही. हा बदल बाळाच्या कोणत्या वयात घडावा, कोणत्या पाण्याने घडावा आणि कोणाच्या देखरेखीखाली घडावा, हे बहुतांशी समाजव्यवस्थेने ठरविलेले असते. ठाण्यातील वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात या संक्रमणाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आईचे अज्ञान किंवा जाहिरातीचा मोह एवढ्यानेच या संक्रमणाचा उलगडा होत नाही. त्याचे खरे वेळापत्रक प्रसूती रजेच्या आठवड्यांनी आणि पाळणाघराच्या कायदेशीर अटींनी आखले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. पूर्वपीठिका : गिरणगावाचा वारसा

मराठी भाषेत 'अंगावरचे दूध' आणि 'वरचे दूध' असा स्पष्ट भेद आहे. वरचे दूध ही कल्पना नवी नव्हे. मातेला दूध नसल्यास शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे, असा निर्देश आयुर्वेदीय ग्रंथांत आढळतो. तथापि तो अडचणीच्या प्रसंगीचा पर्याय होता. मुंबईच्या कापड गिरण्यांनी त्याला रोजच्या गरजेचे रूप दिले. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच साच्यावर परतणाऱ्या स्त्रीचे मूल दिवसभर घरी शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राहत असे. भुकेने रडणाऱ्या मुलाला निजविण्यासाठी अफू घातलेली 'बाळागोळी' देण्याची प्रथा गिरणगावात रूढ होती. १९२०च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी केलेल्या स्त्री-कामगारांच्या पाहणीत या प्रथेची गंभीर नोंद आहे.

याच पार्श्वभूमीवर मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा संमत झाला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. प्रसूतीच्या काळात स्त्रीला रोजगारातून विश्रांती मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले. बाळाच्या दुधाचा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्याच काळात दुसरीकडे डब्यातील बालकान्नाचा बाजार उभा राहत होता. १९२४ मध्ये 'ग्लॅक्सो' बालकान्नाच्या वितरणासाठी एच. जे. फॉस्टर आणि कंपनी ही संस्था भारतात नोंदविली गेली. गुटगुटीत मुलाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणण्याची पद्धत पडली, यावरून या मालाचा लोकमानसावरील प्रभाव लक्षात यावा. तरीही आयात डबा हा सुस्थितीतील घरांपुरताच मर्यादित होता. स्वातंत्र्योत्तर काळात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकान्न तयार करण्याची प्रक्रिया विकसित केली आणि कैरा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने आणंद येथे त्याचे उत्पादन सुरू केले. देशी डबा उपलब्ध झाला आणि १९६०च्या दशकात तो मध्यम व श्रमिक वस्त्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचू लागला.

२. वागळे इस्टेटची जडणघडण

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. वागळे इस्टेट ही महामंडळाची आरंभीची औद्योगिक वसाहत होय. गिरणगावाहून तिचे स्वरूप मूलतः भिन्न होते. गिरणीत एका छपराखाली हजारो कामगार असत. येथे अभियांत्रिकी, औषधे, विद्युत उपकरणे, रसायने, छपाई, वेष्टन अशा मध्यम व लघुउद्योगांचे भूखंड एकमेकांस लागून होते. त्यांच्या आसपास किसननगर, श्रीनगर, आंबेवाडी, सावरकरनगर यांसारख्या दाट वस्त्या वाढल्या. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा तसेच उत्तर व दक्षिण भारतातून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली. कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालयही याच परिसरात उभे राहिले.

उद्योगांच्या या लहान आकाराचा बाळाच्या दुधाशी काय संबंध, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर पाळणाघराच्या कायद्यात असून त्याचा विचार पुढे केला आहे. तत्पूर्वी दूध बदलल्यावर अर्भकाच्या पोटात नेमके काय घडते, ते पाहणे आवश्यक आहे.

३. पचनातील स्थित्यंतर

आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या दुधात हे प्रमाण ३ ग्रॅमहून अधिक, तर म्हशीच्या दुधात ४ ग्रॅमच्या आसपास असते. प्रमाणाइतकाच प्रकारही महत्त्वाचा आहे. पक्व झालेल्या मातृदुग्धात निवळीतील प्रथिने सुमारे ६० टक्के आणि केसीन ४० टक्के असते. गाईच्या दुधात केसीनच ८० टक्के असते. जठरातील आम्लाच्या संयोगाने केसीनचे घट्ट दही बनते, तर मातृदुग्धाचे दही मऊ व विरविरीत राहते. त्यामुळे अंगावरचे दूध जठरातून लवकर पुढे सरकते व बाळाला वरचेवर भूक लागते. डब्याचे दूध अधिक काळ जठरात राहते, म्हणून बाळ जास्त वेळ झोपते. 'डब्याने पोट भरते' या समजुतीचे मूळ येथे आहे. वस्तुतः तो पोषणाचा नव्हे, तर पचनाच्या गतीचा फरक आहे.

दुसरा बदल आतड्यातील जिवाणूंचा होय. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील हेन्री तिसिए यांनी १८९९-१९०० च्या सुमारास स्तनपान करणाऱ्या बाळांच्या विष्ठेत दोन फाटे असलेल्या जिवाणूंचा शोध लावला. 'बायफिडोबॅक्टेरियम' या नावाने ते आज ओळखले जातात. मातृदुग्धातील काही संयुक्त शर्करा बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या या जिवाणूंचे खाद्य ठरतात. जिवाणू त्यांपासून आम्ले निर्माण करतात आणि त्या आम्लतेत रोगजंतूंची वाढ रोखली जाते. दूध बदलले की हे खाद्य तुटते आणि आतड्यात विविध प्रकारच्या जिवाणूंची सरमिसळ वाढते. मातृदुग्धातून मिळणारी प्रतिपिंडे व लॅक्टोफेरिन यांचे संरक्षणही त्याच वेळी कमी होते.

या बदलांची बाहेर दिसणारी खूण म्हणजे बाळाची शी. अंगावरच्या दुधाची शी पिवळसर, पातळ व आंबूस वासाची असते. ती दिवसातून अनेकदा होते. काही आठवड्यांनंतर क्वचित दोन-चार दिवस होतही नाही. डब्याच्या दुधावर ती फिकट वा तपकिरी, घट्ट व उग्र वासाची होते आणि तिचे वेळा-प्रमाण घटते. भुकटीतील काही स्निग्धाम्ले आतड्यात कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखे अविद्राव्य क्षार बनवितात, हे या घट्टपणाचे एक कारण आहे. यांतील बहुतेक फरक हे रोग नव्हेत; ते नव्या अन्नाशी पोटाने केलेले जुळवून घेणे आहे.

घराघरांत मात्र या खुणांचा अर्थ अनेकदा उलटा लावला जाई. अंगावरच्या दुधाची पातळ शी म्हणजे 'आईचे दूध बाधते', असे मानून ते तोडले जाई. डबा सुरू झाल्यावर शी घट्ट झाली की एरंडेल, बाळगुटी किंवा ग्राइप वॉटर यांचा आधार घेतला जाई. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून देण्याची परंपरा दुधाच्या या नव्या प्रकारासही लागू करण्यात आली. पण उगाळण्याची सहाण आणि कालविण्याचे पाणी स्वच्छ नसेल, तर उपायच अपायाचे द्वार ठरण्याचा धोका होता.

४. डबा, बाटली आणि पाणी

स्वाभाविक बदल आणि आजार यांमधील सीमारेषा बाटलीतील पाण्याने ठरते. दुधाची भुकटी कालविण्यास उकळून घेतलेले पाणी, प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेली बाटली आणि डब्यावर सांगितलेले नेमके प्रमाण या तीन गोष्टी आवश्यक असतात. चाळीच्या सामाईक नळावर ठरावीक वेळेला येणारे आणि पिंपात साठविलेले पाणी, रॉकेलवर चालणारा स्टोव्ह, दहा बाय दहाची खोली आणि बाळाला सांभाळणारे आठ-दहा वर्षांचे भावंड, अशा परिस्थितीत या तिन्ही अटी पाळणे दुरापास्त होय. पाणी पुन्हापुन्हा उकळणे म्हणजे शिधापत्रिकेवरचे रॉकेल जाळणे. डबा महिनाअखेरपर्यंत पुरवायचा, म्हणजे चमचा कमी भरायचा. पातळ दुधाने बाळ वाळते, तर प्रमाणाबाहेर घट्ट कालविलेल्या दुधाने मूत्रपिंडांवर ताण येतो व मलावरोध होतो. दूषित दुधाने हगवण लागते आणि आतड्याचे अस्तर दुखावल्यामुळे पुढचे दूधही पचेनासे होते. अशा रीतीने बाळ जुलाब आणि कुपोषण यांच्या चक्रात सापडते.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथे दिलेल्या भाषणात बाटलीच्या दुधाच्या प्रचारावर बालहत्येचा आरोप केला होता, तो याच अनुभवातून. पुढे २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने मातृदुग्ध पर्यायांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली.

५. रजेचे आठवडे आणि दुधाचे महिने

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ अन्वये बारा आठवड्यांची रजा मिळत असे. त्यांपैकी सहा आठवडे प्रसूतीपूर्वी घेतल्यास बाळ अवघे सहा आठवड्यांचे असताना मातेला कामावर परतावे लागे. दीर्घकाळ वैद्यकीय सल्ला चार ते सहा महिने केवळ स्तनपानाचा होता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ही मुदत सहा महिने निश्चित केली. म्हणजे शास्त्राने सांगितलेले महिने आणि कायद्याने दिलेले आठवडे यांत काही महिन्यांची पोकळी होती. ती पोकळी डब्याने भरून काढली.

बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विश्रांतिकाल देण्याची तरतूद याच अधिनियमात होती. परंतु बाळ जवळ नसेल तर या विश्रांतीचा उपयोग कोणता? बाळ जवळ राहण्यासाठी पाळणाघर हवे. कारखाना अधिनियम, १९४८ नुसार प्रारंभी पन्नासहून अधिक आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथेच पाळणाघर बंधनकारक होते. लघुउद्योगांच्या वसाहतीत या अटीचा अर्थ उघड आहे. एकाच रस्त्यावरील चार कारखान्यांत प्रत्येकी वीस स्त्रिया असतील, तर त्या रस्त्यावर ऐंशी स्त्रिया काम करतात आणि तरीही कायद्याने एकही पाळणाघर देय ठरत नाही. त्यातच १९८८ च्या दुरुस्तीपर्यंत प्रसूती लाभासाठी आधीच्या वर्षात १६० दिवस काम केलेले असण्याची अट होती. ती नंतर ८० दिवसांवर आली. हंगामी स्त्रीला पूर्वीची अट पूर्ण करणे कठीण होते.

याचा परिणाम 'दिवसा बाटली, रात्री अंगावर' अशा मिश्र पद्धतीत होतो. दूध निर्माण होणे हे बाळाच्या ओढण्यावर अवलंबून असते. दिवसातील पाजण्या चुकल्या की दूध आटू लागते आणि दोन बाटल्यांच्या चार होतात. 'दूध आले नाही' असे ज्याचे वर्णन केले जाते, ते पुष्कळदा 'दूध पाजण्यास वेळ मिळाला नाही' असे असते.

६. कायदा, चळवळ आणि बदलते वास्तव

या प्रश्नावर महाराष्ट्रात उल्लेखनीय कार्य झाले. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपान प्रवर्तनाचे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले. १९९२ मध्ये संसदेने अर्भक दुग्धपर्याय, दूध बाटल्या व अर्भक आहार यांचे नियमन करणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावरील बाळाचे चित्र यांवर बंदी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालील केवळ स्तनपानावर असलेल्या बालकांचे भारतातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६३.७ टक्के झाले.

२०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या तरतुदी मूलतः कायम ठेवल्या आहेत. दरम्यान वागळे इस्टेटमधील अनेक भूखंडांवर कारखान्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञान संकुले व कार्यालये आली. तेथील नियमित नोकरीतील मातेला बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घरी राहणे आता शक्य आहे. परंतु त्याच संकुलात साफसफाई करणारी किंवा शेजारच्या गाळ्यात वेष्टनाचे काम करणारी कंत्राटी स्त्री या सव्वीस आठवड्यांपर्यंत प्रत्यक्षात क्वचितच पोहोचते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, दूध बदलल्याने अर्भकाच्या पचनात होणारा बदल मूलतः नैसर्गिक जुळवणूक आहे. त्याला आजाराचे रूप बहुधा पाणी, प्रमाण आणि बाटली यांमुळे येते. ज्या बाळांना मातृदुग्ध मिळणे अशक्य असते, त्यांच्यासाठी योग्य रीतीने दिलेले डब्याचे दूध जीवनदायी आहे. दोन, जाहिरातीवरील नियंत्रणाने बाजाराला वेसण घातली, पण कामाच्या वेळेला नाही. तीन, पाळणाघराची अट प्रत्येक आस्थापनेच्या संख्येला जोडलेली असेपर्यंत लघुउद्योगांच्या वसाहतीतील माता तिच्या बाहेरच राहतील. वसाहतीला रस्ते, पाणी व वीज सामाईकपणे पुरविता येतात, तर पाळणाघरही वसाहतीचे सामाईक असू शकते. १९२९ च्या कायद्याने मातेच्या विश्रांतीचा हक्क मान्य केला. बाळाच्या दुधाचा हक्क त्याच्या कामाच्या ठिकाणापर्यंत पोहोचविण्याचे कार्य अद्याप अपुरे आहे.