मेंदूतील दार

मेंदूच्या मधोमध, जरा मागल्या अंगास, वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिला पिनियल ग्रंथी म्हणतात. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४९ साली आत्म्याचे मुख्य आसन हेच, असे प्रतिपादन केले, आणि तिची कीर्ती झाली. आम्हांस मात्र त्यापूर्वी सुमारे दीड हजार वर्षांचा एक वाद अधिक मोलाचा वाटतो. मेंदूच्या पोकळ्यांतून जे चैतन्य वाहते, त्याच्या वाटेवरील ही द्वारपाल होय, असे काही जण म्हणत. गेलन वैद्याने ते खोडून काढले. जी स्वतः हलू शकत नाही, ती दार काय लावणार?

गेलनचे बरोबर होते. पण ते निरोगी माणसापुरते. त्या जागी गाठ वाढली की ती खरोखरच दार लावते! मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर द्रव पाझरतो. त्याची अरुंद वाट ग्रंथीच्या लगतच खालून जाते. ती चेपली की पाणी तुंबते, दाब चढतो, आणि सकाळी उठताच डोके फुटू लागते, उलट्या होतात. म्हणजे दुखते ते मुख्यतः तुंबलेल्या पाण्यामुळे. नजर वर उचलता न येणे ही या जागेची खूण. डोळ्यांचा हा दोष पॅरिसच्या पारिनोने १८८३ साली वर्णिला.

झटक्यांची गोष्ट निराळी. अपस्माराचा उगम बहुधा मेंदूच्या वरच्या थरात असतो, आणि ही गाठ तर खोल. त्यामुळे येथे झटके डोकेदुखीइतके नेहमीचे नव्हेत. शिवाय दाब फार चढला की अंग ताठ होऊन शुद्ध हरपते. तो प्रकार झटक्यासारखा दिसला तरी अपस्मार नव्हे, आणि ओळखण्यात उशीर झाला तर रोगी दगावतो.

बर्लिनच्या क्राउझेने १९१३ साली एका दहा वर्षांच्या मुलाची अशी गाठ लहान मेंदूच्या वरून वाट काढून यशस्वीपणे काढली. तरीही १९३२ साली कुशिंगसारख्या धुरंधराने कबूल केले, की काढण्याचे धाडस करावे इतकी ही गाठ आपणांस कधी नीट उघडी करता आली नाही. १९३९ साली नॉर्वेच्या टॉर्किल्डसेनने गाठीच्या वाटेसच न जाता नळी घालून पाणी पलीकडे वळविले. सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर, १९७१ साली, स्टाइनने क्राउझेची वाट पुन्हा चालती केली.

आज दुर्बिणीने पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून पाण्यास नवे दार करतात, आणि पुष्कळदा त्याच बैठकीत गाठीचा तुकडा तपासणीस घेतात. ती जर्मिनोमा निघाली, तर बहुधा किरणांनीच विरते.