सागरयात्रेची परवानगी

वऱ्हाडाला समुद्र नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या या काळ्या मातीच्या प्रदेशातील पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वसीमेवरील वर्धा नदीचे पाणी गोदावरीच्या द्वारे बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे येथील पाण्याला दोन समुद्र ठाऊक आहेत; माणसाला मात्र समुद्र पाहावयाचा तर अकोल्याहून सुमारे ५८० आणि बडनेऱ्याहून सुमारे ६६० किलोमीटर आगगाडीचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते. अशा प्रांतातील एखादे कुटुंब आज नॉर्वेचे फ्योर्ड पाहण्यासाठी जन्मातील पहिली सागरयात्रा करण्याचा बेत आखू लागते, तेव्हा कोणता महिना निवडावा, कोणत्या बंदरातून निघावे, बोट लहान घ्यावी की मोठी, आणि खर्च किती येईल, एवढेच प्रश्न त्याच्यापुढे उभे असतात. जावयास परवानगी कोणाची मागावयाची, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. परंतु याच अमरावती-अकोल्याच्या पूर्वजांपुढे तो प्रश्न सर्वांच्या आधी येत असे, आणि त्याचे उत्तर देणारा अधिकारी दर पिढीस बदलत गेला.

वऱ्हाडातून समुद्रापार प्रथम माणूस गेला नाही, कापूस गेला. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैल दूर मिर्झापूरला नेत असत व तेथून तो गंगेने कलकत्त्यास जाई. सन १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने या वाटेने एक लक्ष बैल कापूस पाठविल्याचे सांगतात. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले. अकोल्याच्या बाजारात विकलेली रुईची गाठ लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरू लागली. पण ती पिकविणारा शेतकरी, ती तोलणारा अडत्या व तिच्यावरून होणारे तंटे चालविणारा वकील, हे सारे होते तेथेच राहिले. गाठीला कोणी जात विचारीत नव्हते.

माणसाला मात्र ती विचारली जाई. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत गणलेला आहे. पुढे कलियुगात वर्ज्य मानलेल्या आचारांच्या यादीत तर अशा द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, इतकी कडक भाषा आली. हा नुसता पोथीतला नियम नव्हता. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या जातीने त्यांना बहिष्कृत ठरविले होते. पंगतीत पान मांडले जाणार नाही, मुलीबाळींची लग्ने अडतील, घरी मृत्यू घडल्यास खांदा द्यावयास कोणी येणार नाही, ही भीती त्या काळच्या प्रवाशाच्या सामानात सर्वांत जड असे. मात्र सरकारची परवानगी त्याला जवळजवळ लागतच नसे. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे होते तो पासपोर्टावाचून बोटीवर चढू शकत होता. त्याची वाट अडे ती घरच्या ओसरीवर.

अशा काळात अमरावतीचे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी समुद्र ओलांडला. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रसभेने हिंदी लोकांची गाऱ्हाणी प्रत्यक्ष ब्रिटिश जनतेपुढे मांडण्यासाठी शिष्टमंडळ धाडण्याचे ठरविले आणि १८९० साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अर्डली नॉर्टन व ह्यूम यांच्याबरोबर मुधोळकरांनी इंग्लंडमध्ये सभा गाजविल्या. कायदेमंडळांत लोकांच्या प्रतिनिधींना स्थान मिळावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. १८९२ च्या कायद्याने तिचा अल्पसा अंश पदरात पडला. हेच मुधोळकर पुढे १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले.

ज्या सुमारास वऱ्हाडचा एक वकील राजकीय हक्क मागण्यासाठी आगबोटीत बसत होता, त्याच सुमारास ब्रिटनमध्ये केवळ मौजेखातर आगबोटीत बसण्याची प्रथा सुरू झाली होती. १८८६ साली स्कॉटलंडमधील एका कंपनीने आपली ‘सेंट रॉग्नवाल्ड’ नावाची बोट लीथ बंदरातून नॉर्वेच्या फ्योर्डांकडे नेली. दहा दिवस, दहा पौंड, असा तो सौदा होता. त्याला इतके गिऱ्हाईक लाभले की पुढच्याच वर्षी तिने ‘सेंट सुनिव्हा’ ही बोट खास या कामासाठी बांधून घेतली. कोठेही पोहोचावयाचे नाही, वाटेतील सृष्टी पाहावयाची आणि परत यावयाचे, ही कल्पना त्या वेळी अमरावतीस कोणाला सांगितली असती, तर ती वेडगळ वाटली असती. एवढी जोखीम पत्करून समुद्र ओलांडावयाचा, तर हेतूही तितकाच मोठा हवा.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा हेतू तसाच मोठा होता. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यानंतर महिना लोटण्यापूर्वीच दादासाहेब खापर्डे अमरावतीची भरभराटीची वकिली बाजूस ठेवून, प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी इंग्लंडला निघाले. दोन वर्षांहून अधिक काळ ते तेथे खटपट करीत राहिले. अपिलास परवानगी मिळाली नाही. १९१० साली परततांना ते सरळ घरी आले नाहीत. ब्रह्मदेशाची वाट धरून ते रंगूनला उतरले आणि मंडालेच्या तुरुंगात आपल्या मित्राला भेटून मगच वऱ्हाडात आले. ज्याच्यासाठी समुद्र ओलांडला, त्याला अपयशाची वार्ता स्वमुखाने सांगण्यासाठी त्यांनी दुसरा समुद्र ओलांडला.

जातीची पकड तोवर सैल होऊ लागली होती. पण तिची जागा घ्यावयास दुसरा द्वारपाल आला. पहिल्या महायुद्धात देशाबाहेर जाणाऱ्यास पासपोर्टाची सक्ती झाली. १९१८ च्या वसंतात होमरूलची मागणी विलायतेत मांडण्यासाठी टिळक, खापर्डे, नरसिंह चिंतामण केळकर, करंदीकर व बिपिनचंद्र पाल निघाले. मुंबई झाली, मद्रास झाले, कोलंबोचे बंदरही गाठले. सामान बांधलेले, बोट ठरलेली, आणि तेथे तार आली की युद्धमंत्रिमंडळाने पासपोर्ट रद्द केले आहेत. सर्वांना किनाऱ्यावरून परत फिरावे लागले. शास्त्राच्या बंदीवर निदान प्रायश्चित्ताची पळवाट काढता येत होती. सरकारी शिक्क्यावर तीही नव्हती. पुढे १९१९ साली खापर्डे इंग्लंडला पोहोचले खरे, पण ते सरकारने दार उघडल्यावर.

१९२० साली आणखी एक वऱ्हाडी तरुण विलायतेस निघाला. तो वकिलाच्या घरातला नव्हता, शेतकऱ्याच्या घरातला होता. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी १८९८ मध्ये जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांपुढे ना पंगतीचा प्रश्न मोठा होता, ना राजकीय संशयाचा. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो पैशाचा. वडील शामराव यांनी जमीन गहाण टाकून कर्ज उभे केले. ज्या काळ्या मातीतून निघालेला कापूस पन्नास वर्षे लिव्हरपूलला जात होता, ती मातीच आता एका मुलाच्या तिकिटासाठी सावकाराकडे गेली. येथे परवानगी देणारा सावकार होता, आणि त्याची मुदत समुद्राच्या भरतीप्रमाणे कोणासाठी थांबणारी नव्हती. पंजाबराव बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली आणि १९२६ साली ते परतले. त्यांनी अमरावतीस स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेत शेतकऱ्यांची हजारो मुले शिकली. १९५२ नंतर ते स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. शामरावांनी गहाण टाकलेल्या जमिनीचे व्याज असे साऱ्या वऱ्हाडाला मिळाले.

यानंतर अमरावतीतून समुद्रापार गेले ते काही मागावयास नव्हे, तर दाखवावयास. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डी व इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९४९ साली स्वीडनमधील स्टॉकहोमला व्यायामशास्त्रज्ञ लिंग यांच्या स्मरणार्थ ‘लिंगियाड’ हा मोठा महोत्सव भरला. त्यातही अमरावतीचे पथक होते. त्या वेळी नॉर्वेची सीमा केवळ एका प्रांताइतकी दूर राहिली होती. मातीच्या आखाड्यात घाम गाळलेली ही माणसे उत्तर ध्रुवाच्या दिशेने इतकी वर गेली, तरी हाती काम होते. फ्योर्ड पाहण्यासाठी म्हणून जाण्याचा काळ अजून यावयाचा होता.

तो काळ आता आला आहे. फ्योर्ड म्हणजे काय, याची कल्पना वऱ्हाडकराला चिखलदऱ्यावरून सहज करता येते. तेथील कड्यावर उभे राहून खालच्या दरीकडे पाहावे आणि त्या दरीत समुद्र शिरून बोट उभी आहे, असे मनात आणावे. भेद इतकाच की सातपुड्याच्या दऱ्या पाण्याने कोरलेल्या आहेत आणि नॉर्वेच्या दऱ्या हिमनद्यांनी. हिमाच्या प्रचंड ओझ्याने त्यांचे तळ समुद्रसपाटीच्याही फार खाली खणले गेले. पुढे हिम वितळले आणि समुद्र आत आला. चिखलदऱ्याचे पठार सुमारे १,१०० मीटर उंच आहे. सोग्नेफ्योर्डची खोली सुमारे १,३०० मीटर. ते सबंध पठार त्यात उभे केले, तरी माथ्यावर पाणी उरेल. लांबीने तो २०० किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ भुसावळ ते बडनेरा. आणि तेथेही आधी माल गेला, मग हौशी प्रवासी. १८९३ साली रिचर्ड विथ याने ‘व्हेस्टेरालेन’ बोटीने किनाऱ्यावर नियमित वाहतूक सुरू केली, ती टपाल व माल अडलेल्या गावांना पोहोचविण्यासाठी. तीच किनारवाट पुढे जगभरच्या प्रवाशांची आवडती झाली.

अशा यात्रेचा बेत करणाऱ्याने मे ते सप्टेंबर हा काळ धरावा. अकोला ज्या दिवसांत भाजून निघते, त्या दिवसांतही तेथे लोकरीचे कपडे लागतात, आणि बर्गेनला छत्री तर लागतेच. उत्तर ध्रुववृत्तापलीकडे जाणाऱ्याला जूनमध्ये मध्यरात्रीचा सूर्य दिसतो. बंदर निवडतांना कोलंबोची आठवण ठेवावी: हँबुर्ग किंवा कोपनहेगनहून निघाल्यास शेंगेन देशांचा व्हिसा पुरतो, पण साउथहँप्टनहून निघाल्यास ब्रिटनचा व्हिसा निराळा घ्यावा लागतो. बोट धक्क्यावर उभी असूनही एका शिक्क्यासाठी मागे फिरण्याचे दुःख १९१८ मध्येच संपले, असे मुळीच नाही.

आणि परवानगी देणारा एक नवा अधिकारी आता उभा राहिला आहे. गेइरांगरफ्योर्ड व नेरॉयफ्योर्ड यांचा २००५ साली जागतिक वारशात समावेश झाला. एकेका दिवशी तेथे येणाऱ्या प्रचंड बोटींचा धूर त्या अरुंद दऱ्यांत कोंडून राहू लागला, तेव्हा नॉर्वेने नियम केला की १०,००० टनांखालील प्रवासी बोटींनी १ जानेवारी २०२६ पासून आणि त्याहून मोठ्या बोटींनी १ जानेवारी २०३२ पासून या वारसाक्षेत्रात प्रदूषणकारी वायू न सोडताच यावे. कोणती बोट घ्यावी, या साध्या प्रश्नामागे आता हा प्रश्नही आहे. जातीची परवानगी मुधोळकरांच्या पिढीने ओलांडली, सरकारची खापर्ड्यांच्या पिढीला झुंजून मिळवावी लागली, सावकाराची शामरावांनी जमीन देऊन विकत घेतली. आज बडनेऱ्याच्या फलाटावर सामान घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाने परवानगी घ्यावयाची आहे ती त्या पाण्याची, जे पाहण्यासाठी ते निघाले आहे.