महापुराचा धसका आणि शरीरस्वास्थ्य (सांगली जिल्हा)

कृष्णा-वारणेच्या महापुरात सापडलेल्या माणसांच्या मनाला बसणारा धक्का आणि त्यातून उद्भवणारे किंवा बळावणारे शारीरिक विकार. मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा या तालुक्यांतील नदीकाठची गावे व सांगली शहर यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनी एकाच पिढीला पुन्हापुन्हा घराबाहेर काढले. त्यामुळे येथील आघाताकडे एका घटनेचा परिणाम म्हणून पाहून चालत नाही.

सांगलीत पुराचे पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तेथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि बाजारपेठेसह शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यात राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे सुटकेसाठी निघालेली, क्षमतेहून अधिक माणसे बसलेली नाव उलटली. बुडालेल्यांत बायका आणि लेकरे बरीच होती. पावसाळ्यात कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, पुलाजवळ किती फूट झाले, हे आकडे नदीकाठच्या घरांत रात्री उठून मोबाइलवर पाहिले जातात. ज्यांनी एकदा माळ्यावर बसून रात्र काढली, त्यांची छाती पाणी पात्राबाहेर येण्याआधीच धडधडू लागते.

धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, पोष ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी जागी होते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर बाहेर पडते. दावणीची म्हैस सोडवून उंचावर न्यायला हे बळ कामी येते. पाणी ओसरल्यावरही शरीर महिनोन्‌महिने तसेच सावध राहिले, तर तेच अपायकारक ठरते. झोप उडते, भूक मंदावते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहत नाही, अंगदुखी आणि पित्त मागे लागते. अचानक जबर धक्का बसला तर काहींच्या हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता दुर्बल होतो. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची असतात, पण झटका येण्याजोगा रक्तवाहिनीतला अडथळा सापडत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णिलेला हा ताकोत्सुबो विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत अधिक आढळतो. २००४ च्या निगाता भूकंपानंतर तेथे त्याचे रुग्ण एकदम वाढले होते.

उलट दिशेचा, म्हणजे शरीराच्या आजाराचा मनावर होणारा परिणाम फारसा बोलला जात नाही, पण तो तितकाच खरा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण आठांतील एकाला आघातोत्तर तणावाची ठळक लक्षणे जाणवतात. पुरात तर दोन्ही प्रवाह एकत्र मिळतात. घर सोडताना माणूस सातबारा, दागिने, आधार कार्ड उचलतो. गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरांची फाइल फडताळात राहते, इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्ये. निवारा शिबिरात आठवडाभर औषध चुकले की साखर चढते. चढलेल्या साखरेने थकवा आणि चिडचिड वाढते, आणि घरातले त्याला ‘पुराचं टेन्शन’ म्हणून सोडून देतात. चिखल उपसताना पायाला झालेली जखम मधुमेह्याला लवकर भरत नाही. कामाला जाता येत नाही, कर्जाचा हप्ता थकतो आणि मन आणखी खचते.

कृष्णाखोऱ्यात असा अनुभव पुरापुरता नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. तेव्हापासून सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याला लहानमोठे हादरे जाणवत आले आहेत, त्यामुळे तेथील भीतीलाही मुदत नाही. महाराष्ट्रात आपत्तीनंतरच्या मनःस्वास्थ्याकडे पद्धतशीर लक्ष गेले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांमध्ये उपचार व अभ्यासाचे काम केले.

पूरग्रस्त रुग्ण मनाची तक्रार घेऊन सहसा येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई सांगते ती धडधड, हातापायांच्या मुंग्या, जेवण न जाणे. रात्री पावसाचा आवाज आला की उठून बसते, हे विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून आघाताची विचारपूस मनोविकार विभागापुरती ठेवणे चुकीचे आहे. रक्तदाबाचा पट्टा बांधतानाच झोपेविषयी विचारायला हवे, आणि धडधडीला ‘मनाचं आहे’ म्हणण्याआधी हृदयालेख काढायला हवा. पुरानंतरच्या पंचनाम्यात पडलेली भिंत, वाहून गेलेले पीक, दगावलेले जनावर यांची नोंद होते. बिघडलेल्या रक्तदाबाला त्यात रकाना नाही. निदान आशा सेविकेच्या वहीत तरी तो असावा.

औषध अखंड चालू राहणे हा मनावरच्या उपचाराचाही भाग आहे. जूनमध्येच महिनाभराच्या गोळ्या आणि औषधचिठ्ठीची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कागदपत्रांसोबत ठेवणे नदीकाठच्या प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. बहुतेकांचा धसका हळूहळू आपोआप ओसरतो. दुःस्वप्ने, दचकणे, नदीकडे जाणे टाळणे किंवा दारूचा आधार महिन्याहून अधिक टिकला, तर समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे लागतात. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी सरकारी रुग्णालये. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.