भागवत, अंजली
(५ डिसेंबर १९६९– ). एअर रायफल प्रकारातील भारताच्या अग्रगण्य नेमबाज. माहेरच्या वेदपाठक. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना एनसीसीमुळे त्यांच्या हाती रायफल आली आणि संजय चक्रवर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा नेम घडला.

एअर रायफल प्रकारात १० मीटरवरील लक्ष्यावर ४.५ मिमी व्यासाचा छर्रा मारतात. दहा गुणांचा मध्यबिंदू मात्र अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे छऱ्याहूनही लहान. त्या काळी महिलांना असे ४० नेम साधावे लागत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली; धावपटू पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घरोघरी झाले. २००२ मध्ये मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली. २००३ मध्ये मिलान येथील विश्वचषक अंतिम स्पर्धेत त्यांनी ४०० पैकी ३९९ गुणांसह सुवर्ण पटकावले. ही त्यांची सर्वांत देखणी कामगिरी म्हणावी लागेल.

अर्जुन आणि खेलरत्न पुरस्कारांनी त्यांचा गौरव झाला. त्यांची लोकप्रियता पदकांपुरती नव्हती. लष्कर-पोलिसांचा किंवा श्रीमंतांचा समजला जाणारा हा खेळ मध्यमवर्गीय मराठी मुलींना आपला वाटू लागला, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. नेमबाज सुमा शिरूर त्यांच्या समकालीन, तर तेजस्विनी सावंत पुढच्या फळीतील.