कुंडीच्या तळाशी साचणारे पाणी : आमरींच्या लागवडीचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उष्ण प्रदेशांतील आमरी, म्हणजेच ऑर्किड, जहाजांतून इंग्लंडला जाऊ लागल्या आणि तेथे मोठ्या संख्येने मरू लागल्या. इंग्लंड हे आमरींचे थडगे आहे, असे पुढे म्हटले गेले ते उगाच नव्हे. दोष थंडीचा नव्हता. झाडावर वाढणारी ही वनस्पती बांडगूळ असावी, या समजापायी तिला कुजक्या लाकडात वा मातीत पुरले जाई आणि बंदिस्त, वाफाळ काचघरात कोंडले जाई. जॉन लिंडली यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही आरंभी भरपूर उष्णता आणि दमटपणा यांचाच सल्ला दिला होता.

याच लिंडली यांनी १८३० च्या सुमारास सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बाट्युलमचे शास्त्रीय वर्णन केले. या आमरीचे मूळ घर पाहिले असते तर कोडे तेथेच सुटते. चार महिने पाऊस, पण मुळे उघड्या सालीवर. सर ओसरली की वारा त्यांना सुकवतो. नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे. मुळांवरचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण मिळेल तेवढे पाणी झटकन शोषते. साल हा केवळ आधार असतो. झाडाच्या रसाशी आमरीचा काही संबंध नसतो.

जोसेफ बँक्स यांनी १८१७ च्या सुमारास शेवाळ घातलेल्या, काटक्यांच्या टोपल्या वापरल्या होत्या. पुढे चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन यांनी हवा खेळती ठेवली व तापमान उतरवले, आणि झाडे जगू लागली. कारण मात्र भौतिकशास्त्राने सांगितले. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. भिजत राहिलेले मूळ गुदमरते आणि मग कुजते.

कुंडीला भोक असूनही पाणी का राहते? केशाकर्षणामुळे. ०.१ मिलिमीटर त्रिज्येची पोकळी सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा जलस्तंभ धरून ठेवू शकते, तर १ मिलिमीटरची जेमतेम दीड सेंटिमीटर. म्हणून बारीक मातीने भरलेली छोटी कुंडी तळापासून जवळजवळ वरपर्यंत ओलीच राहते. तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा, हा आजही आवडीने दिला जाणारा सल्ला येथे फसतो : बारीक पोकळ्यांतले पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, आणि ओला थर उलट मुळांच्या दिशेने वर सरकतो. सगळे मिश्रणच जाडेभरडे असेल, तरच निचरा होतो.

विसाव्या शतकात आधी ऑस्मुंडा या नेच्याचे तंतू आणि नंतर सूचिपर्णी झाडांच्या सालीचे तुकडे वापरात आले. साल कुजते, तुकडे भुगा होतात, पोकळ्या आकसतात. त्याबरोबर तळाचा ओला थर दरवर्षी थोडा वर चढतो. साधारण दोन वर्षांनी कुंडी बदलतात ती झाड वाढले म्हणून नव्हे, तर मुख्यतः यासाठी. जुनी साल पूर्ण झाडायची, पोकळ झालेली तपकिरी मुळे कापायची, टणक मुळे राखायची आणि नवी कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्यायची. मोठ्या कुंडीतील रिकामी साल उशिरा सुकते. चंदीगडलगतच्या मुल्लानपुरात मे महिन्यातील कोरड्या उष्ण हवेत जी साल लवकर सुकते, तीच जुलैतल्या पावसाळी हवेत ओलावा धरून बसते. तेथे कुंडी बदलण्याचे काम पावसाआधीच उरकलेले बरे.