विणकाम, हातचे (खानदेश)

सुयांनी लोकर किंवा सूत गुंफून घरगुती वापराच्या व विक्रीच्या वस्तू बनविण्याची हस्तकला. दोन सुयांचे विणकाम व आकडीच्या सुईचे क्रोशाकाम एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांमार्फत महाराष्ट्रात पसरले. घोंगडी मात्र मागावरची, जुन्या परंपरेची (→ घोंगडी). सुलट व उलट या दोन टाक्यांच्या फेरफारातून सारी नक्षी उमटते. टोपडी, मोजे, स्वेटर लोकरीचे. तोरणे, रुमाल सुताचे. जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबादसह खानदेशात उन्हाळा कडक असल्याने लोकरीच्या वस्तूंचा हंगाम थोडका, हिवाळ्यापुरता. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथोत्सव व सारंगखेड्याची दत्तयात्रा याच हंगामाच्या सुमारास येतात. महिलांच्या घरबसल्या मिळकतीस बचत गटांनी (→ महिला आर्थिक विकास महामंडळ—माविम, स्थापना 1975) प्रदर्शन-विक्रीची जोड दिली.